फोटोग्राफर कुठे उभा राहतो ते बघा

प्रश्न असा आहे : "आमचं घर मूळचं कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं, पण आता सगळे पुण्यात. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात कोल्हापुरातच करायचं ठरलंय. तीन फोटोग्राफरांनी दर पाठवलेत. तिघांचेही फोटो छान आहेत, तिघेही आपली स्टाइल 'कॅन्डिड', म्हणजे पोझ न देता सहज टिपलेली, म्हणून सांगतात आणि दरांत मात्र दुपटीचा फरक आहे. निवडायचं कशावरून? तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात, तर तुमची स्वतःची पद्धत काय आणि तुमच्याकडे काय काय कामं होतात तेही सांगा."

ताई, आधी एक काम करा. तिघांनाही फोन लावून सांगा, की निवडक फोटो नकोत, एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा. सकाळी कार्यालयाच्या दारात काढलेल्या पहिल्या फोटोपासून पाठवणीपर्यंत. तेही गेल्या वर्षभरातलं आणि शक्यतो दिवसाचा मुहूर्त असलेलं लग्न. पन्नास लग्नांतून वीस फोटो वेचले तर माझ्या मदतनीस पोराचेही सुंदर दिसतील. अख्ख्या लग्नात मात्र दुपारी तीनची दमलेली नवरी असते, स्टेजवरची न संपणारी रांग असते, निळ्या-जांभळ्या दिव्यांनी भरलेला हॉल असतो आणि कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारा एक काका हमखास असतो. तिथे त्या माणसाने काय केलंय ते बघा. तिघांपैकी एक जण अख्खं लग्न दाखवायला टाळाटाळ करेल. तुमचं काम तिथेच एक तृतीयांश हलकं होईल.

आता माझ्याविषयी विचारलंत म्हणून.

मी १९८८ साली, दहावीनंतर, मंगळवार पेठेतल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. मालकांना आम्ही मालकच म्हणायचो. पहिलं दीड वर्ष कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फरशी पुसायची, ट्रे धुवायचे, हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, कालवायचा आणि गिऱ्हाइकाला कंगवा-आरसा द्यायचा. मागे एक रंगवलेला पडदा होता, त्यावर राजवाड्याचा जिना, एक खांब आणि पलीकडे तळं. अर्ध्या कोल्हापूरने त्या जिन्यासमोर उभं राहून फोटो काढलेत. लहानपणी मला तो पडदा हास्यास्पद वाटायचा. पुढे कळलं, की आपल्या गावात पडदा आणि कॅमेरा यांचं नातं जुनं आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा इथेच बनवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' केला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याच मंडळींची आठवण म्हणून उभा आहे. मी त्याच्यावरून रोज दुचाकीने जातो आणि सिग्नल नसला तर बघतही नाही, हेही खरं.

स्टुडिओत याशिका होता, वरून डोकावून बघायचा, दोन भिंगांचा. एका रोलमध्ये बारा फोटो. मालक म्हणायचे, "फिल्म तुझ्या बापाची न्हाई." त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस बघायची सवय लागली. त्या कॅमेऱ्यात चित्र उजवं-डावं उलटं दिसायचं आणि फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावी लागायची. मला आजही वाटतं, समोरचा माणूस त्यामुळे सैल होत असावा. त्याच्या तोंडावर कोणी नेम धरलेला नसायचा. आजच्या माझ्या कॅमेऱ्यालाही वळणारा स्क्रीन आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी तो छातीशी धरूनच काढतो.

स्वतंत्र धंदा १९९३ मध्ये सुरू केला आणि पुढच्याच वर्षी जन्माची अद्दल घडली. गारगोटीकडचं एक लग्न, मुहूर्त सकाळी साडेअकराच्या आसपास. मुहूर्ताच्या आधी घाईघाईत छत्तीस फोटोंचा रोल भरला. अंतरपाट, अक्षता, हार, सगळं काढलं. काउंटर छत्तीस झाला, सदतीस झाला, एकोणचाळीस झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. रोलचं टोक दातऱ्यावर बसलंच नव्हतं. फिल्म जागची हललीच नव्हती. मुहूर्ताचा एकही फोटो नाही. मी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले, पाठवणीआधी पुन्हा उभं करू. संध्याकाळी साडेपाचला अंगणात नवरा-नवरी पुन्हा उभे राहिले, भटजींनी हसत हसत अंतरपाट धरला, उरलेल्या अक्षता उधळल्या. तो फोटो आजही त्यांच्या सोप्यात आहे. फोटो चांगला आलाय. पण सावल्या लांबलचक पडल्यात. सकाळच्या मुहूर्ताला तशा सावल्या पडत नाहीत, हे त्या घराला आणि मला माहीत आहे.

तेव्हापासून रोल भरला, की गुंडाळायची कळ फिरते का हे बघितल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. आज फिल्म नाही, पण प्रश्न तोच आहे. तुम्ही तिघांना दुसरी गोष्ट हीच विचारा, की काही बिघडलं तर काय? माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांत दोन-दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. रात्री घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती होतात, त्यातली एक दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी जाते. अल्बम तुमच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. हे सांगताना जो फोटोग्राफर अडखळेल, त्याचे फोटो कितीही देखणे असोत, मुहूर्त त्याच्या भरवशावर सोडू नका.

आता शैली. 'कॅन्डिड' या शब्दाने सगळ्यांची सोय झाली आहे. माझ्या मते शैली म्हणजे फोटोग्राफर कुठे उभा राहतो आणि किती वेळ उभा राहतो, एवढंच. अंतरपाट घ्या. मंगलाष्टकांच्या शेवटी पडदा खाली येतो, तो क्षण फार तर दोन-तीन सेकंदांचा. बहुतेक जण समोर उभे राहतात आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारतात. पण अक्षता त्याच वेळी पडत असतात, आणि फ्लॅशचा सगळ्यात जास्त उजेड भिंगाजवळच्या दाण्यांवर पडतो. मग नवरीच्या कपाळावर नि नवऱ्याच्या नाकावर पांढरे फुगे. मी नवरीच्या आईच्या मागे, किंचित बाजूला उभा राहतो आणि फ्लॅश माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला मदतनिसाच्या हातात असतो. त्यामुळे दाणे हवेत चमकतात, पण चेहरा झाकत नाहीत. शिवाय नवरीच्या चेहऱ्यासोबत आईचा हातही चौकटीत येतो. त्या हाताने रुमाल कसा धरलाय, हे दहा वर्षांनी बघण्यासारखं असतं. दुसरा फोटोग्राफर त्याच वेळी नवऱ्याकडे तोंड करून असतो. एकट्या माणसाला या दोन-तीन सेकंदांत दोन चेहरे मिळत नाहीत. दरांतला मोठा फरक बऱ्याचदा इथे असतो, तिकडून किती माणसं येणार आहेत ते मोजा.

कार्यालयांतले दिवे हा वेगळाच वैताग. स्टेजमागचे सजावटीचे एलईडी डोळ्याला स्थिर दिसतात, पण त्यातले स्वस्त दिवे विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर जास्त वेगाने मारलं की फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर शटर ठेवलं की पट्टे जातात, पण हलणारे हात धूसर होतात. म्हणून मी लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन दिवे लावून बघतो. मॅनेजर वैतागतो. चहा पाजला की दिवे लावतो.

हळदीचंही तसंच. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळे गाल. कॅमेऱ्याला स्वतःच्या मनाने रंग ठरवू दिला तर त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो सगळ्यात निळं मिसळतो. माणसं आजारी दिसतात. सुरुवातीला एक राखाडी कागद धरून रंग पक्का केला, की उरलेली हळद हळदीसारखी दिसते. आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मी कोणाला गोरं करत नाही. आपल्याकडच्या मुली उन्हातान्हात वाढलेल्या, गव्हाळ, सावळ्या. त्यांना फोटोत मैद्याच्या पुतळ्यासारखं करणारे खूप आहेत आणि त्यांना कामही भरपूर मिळतं. मला जमत नाही. मुरूम, ओरखडा, मेंदीचा डाग घालवतो, तीळ ठेवतो. एकदा नवख्या एडिटरने नवरीच्या हनुवटीवरचा तीळ काढून टाकला होता. मुलीच्या आजीने अल्बम उघडला आणि म्हणाली, "ही आमची न्हवं." अल्बमची ती सगळी पानं माझ्या खर्चाने परत छापली.

इतकं 'कॅन्डिड' सांगून झाल्यावर ग्रुप फोटोची बाजू घेतो, कारण हल्ली कोणी घेत नाही. रांगेत उभं करून काढलेला फोटो जुनाट मानतात. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पूर ओसरल्यावर लोक माझ्याकडे पिशव्या भरभरून भिजलेले अल्बम घेऊन आले. त्यातल्या प्रत्येकाला आधी कोणता फोटो वाचवायचा होता सांगू? सगळं घर एकत्र उभं असलेला. कारण त्यातले निम्मे आता नाहीत, आणि त्यांचा दुसरा फोटोच नाही. म्हणून मी जेवणाआधी वीस मिनिटं ग्रुपसाठी मागून घेतो आणि त्या वीस मिनिटांत चक्क आरडाओरडा करतो.

विषय निघालाच आहे तर पुरातल्या फोटोंचं सांगून ठेवतो, पुण्यातही पाणी शिरतंच. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो भिजला की सायीसारखा मऊ होतो. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका आणि तसेच वाळूही देऊ नका, वाळले की कायमचे जोडले जातात. स्वच्छ थंड पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटायला लागले की अलगद वेगळे करा, चित्राच्या बाजूला बोट न लावता दोरीवर किंवा जाळीवर सावलीत वाळवा. इस्त्री नाही, ऊन नाही. एका दिवसात सगळे होणार नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, थर कुजायचा थांबतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र सोडवायचाच नाही, काचेसकट त्याची कॉपी काढायची. त्या महिन्यात आम्ही चौघांनी दुसरं काम केलं नाही. पैसे किती घेतले हा प्रश्न पत्नी अजून विचारते.

माझ्याकडच्या कामांत लग्न निम्मं. साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत ही घरगुती कामं मी एकटाच जाऊन करतो, फौज घेऊन गेलं की घर अवघडून जातं. मला मनापासून आवडणारं काम म्हणजे जुने फोटो नवे करणं. आजोबांचा एकच फोटो असतो, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधला, तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा पुढच्याच्या पटक्याआड. त्यातून हार घालायचा फोटो करायचा. हल्ली संगणक अर्धा चेहरा स्वतःहून भरून देतो. मी तसा फोटो देताना सांगून देतो, की डावा गाल आजोबांचा आहे, उजवा मशीनचा. एका घराने हे ऐकून अर्धाच चेहरा फ्रेम करून नेला.

धंद्याची कामंही असतात. हुपरीची चांदी, आपल्या चपला, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग. चांदी फार छळते. लोकांना वाटतं पोलरायझर फिल्टर लावला की चमक जाईल. काच नि पाणी यांवर तो चालतो, उघड्या धातूच्या चमकेवर चालत नाही. चांदी म्हणजे आरसा, तिच्यासमोर जे असेल ते तिच्यात दिसणार. म्हणून भोवती बटर पेपरचा तंबू करायचा, बाहेरून दिवे लावायचे आणि मधोमध फक्त भिंगापुरतं भोक ठेवायचं. पैंजणात स्वतःची दाढी दिसली की समजायचं भोक मोठं झालं. चपलेला उलट, एका बाजूने तिरपा कडक उजेड, तेव्हा कातड्याचा पोत आणि वेणीची वीण उठते. तालमीतल्या पैलवानांचेही फोटो काढतो, त्या कामाचे पैसे ठरवायची माझी हिंमत होत नाही. दूध पाजतात, बास.

तुमच्या बहिणीला लग्नाआधीचे जोडीचे फोटो हवे असतील तर रंकाळा सुचवतील सगळे. मीही सुचवीन, पण वेळ नीट धरा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेचारला तयार होऊन पूर्वेच्या काठावर हजर. मेमधला सातचा हिशेब डोक्यात ठेवून आलेल्या जोड्या अंधारात पोचल्यात. सूर्य नेमका कुठे उतरणार हे मी अंबाबाईच्या किरणोत्सवावरून शिकलो. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत जातात आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा २१ डिसेंबरपासून साधारण सहा आठवडे अलीकडे-पलीकडे आहेत. म्हणजे मावळतीची जी जागा नोव्हेंबरात दिसते, तीच जानेवारीअखेरीला. डिसेंबरातल्या फोटोची जागा नक्की करायची तर तुम्ही त्याआधीच्या जानेवारीच्या सुरुवातीला काढलेला फोटो बघून ठरवू शकता. देवळातल्या लोकांनी हे किती शतकांपूर्वी मोजलं, आणि आम्ही अॅप उघडतो.

ड्रोनचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारी नकाशात त्या जागेचा रंग कोणता, म्हणजे तिथे उडवायला परवानगी लागते का, ते आधी बघावं लागतं. उजळाईवाडीला विमानतळ आहे, त्यामुळे त्या बाजूचं कार्यालय असेल तर परवानगीशिवाय मी ड्रोन उडवत नाही. 'काही होत नाही' म्हणणारा भेटला तर तो तुमच्या मांडवावर उडवतोय हे लक्षात ठेवा. तसाही वरून मांडव सगळे सारखेच दिसतात.

हक्काची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून करारावर सही करण्याआधी ती ओळ वाचा. बरेच जण तिथे सगळे हक्क स्वतःकडे ठेवतात आणि तुमच्या बहिणीचा फोटो उद्या त्यांच्या जाहिरातीच्या फलकावर दसरा चौकात लागतो. मी लेखी विचारल्याशिवाय एकही फोटो कुठे टाकत नाही. म्हणूनच माझं नाव तुम्हाला शोधून सापडायला वेळ लागला असेल.

दर मी इथे लिहीत नाही, कारण किती माणसं, किती दिवस, अल्बम किती पानांचा आणि कसल्या कागदावर, यावर तो ठरतो. तिघांच्या दरपत्रकांत या चार गोष्टी समोरासमोर मांडा, दुपटीचं कोडं तिथल्या तिथे सुटेल. एक छुपा खर्च बहुतेकदा राहून जातो, तो म्हणजे हळद आणि लग्न यांतल्या संध्याकाळचा. तो धरलाय का विचारा.

आणि ज्याला काम द्याल त्याला चार गोष्टी आठवडाभर आधी कळवा. मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचं नाव आणि हॉल वरचा की खालचा, फोटोत असायलाच हवीत अशा दहा माणसांची यादी, आणि घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस दुपारी किती वाजता झोपतं. ग्रुप फोटोची वेळ त्यावरून ठरवायची. शुक्रवार पेठेतलं घर म्हणताय, म्हणजे आजी असणारच. त्या एकदा आडव्या झाल्या की चारशिवाय उठायच्या नाहीत.